फ्रीजरमधली माती

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला विषय मिळाला: मातीवरचं लायकेन (बुरशी आणि शैवाल किंवा जिवाणू यांचा एकत्र संसार) गोठलं तर त्याचं नत्र स्थिरीकरण, म्हणजे हवेतलं नत्र धरणं, थांबतं का? मैत्रिणी हसल्या, नाशिकला कुठला आलाय बर्फ! पण निफाडला थंडीच्या लाटेत दव गोठतं आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, हे त्यांनाही ठाऊक होतं.

गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच. पण त्यात बुरशीबरोबर हिरवं शैवाल राहतं, हवेतलं नत्र त्याला धरता येत नाही. मला हवं होतं नॉस्टॉकवालं, म्हणजे निळ्या-हिरव्या जिवाणूंचं. अंजनेरीचा डोंगर राखीव, तिथून उचलायचं नव्हतं. शेवटी त्र्यंबककडच्या मामाच्या पडीक तुकड्यावर कोलेमा नावाचं तसलं लायकेन सापडलं. काळं, बोटांत चुरा होणारं. "अगं, हे मेलंय," मामा म्हणाला. बाटलीतलं पाणी शिंपडलं, तर बघता बघता भिजवलेल्या सब्जासारखं फुगलं. मामा गप्प.

नत्र धरणारं नायट्रोजिनेज हे विकर अ‍ॅसिटिलीनचं इथिलीन करतं. म्हणून रबरी बुचाच्या बाटलीत तुकडा ठेवायचा, एक दशांश हवा काढून तेवढं अ‍ॅसिटिलीन भरायचं आणि काही तासांनी गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायू वेगवेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, इथिलीन मोजायचं. वेल्डिंगच्या नळकांड्यातल्या गॅसमध्ये अ‍ॅसिटोन येतं, म्हणून आम्ही कार्बाइडवर पाणी टाकून तो बनवला. (हो, आंबे पिकवायला ज्यावर बंदी आहे तेच कार्बाइड.) लायकेन नसलेली एक बाटलीही लावायची, कारण गॅसमध्येच थोडं इथिलीन असू शकतं.

पहिला महिना वाया गेला. तुकडे मी दमट डब्यात ठेवले होते, पाणी घातलं नव्हतं. रीडिंग शून्य. मशीन बिघडलंय म्हणून मी दोन दिवस वाद घातला. मग वाचनात आलं की हिरव्या शैवालाचं लायकेन नुसत्या दमट हवेवर जागं होतं, निळ्या-हिरव्याला मात्र खरं, ओलं पाणीच लागतं. थेंब घातले, उजेडात ठेवलं, दुसऱ्या दिवशी इथिलीन आलं. मशीनची मनातल्या मनात माफी मागितली.

गोठवणं घरच्या फ्रीजरमध्ये, उणे 18 वर. काही तुकडे कोरडे, काही भिजवलेले. "मटारशेजारी माती?" आईने डबा दोनदा बाहेर काढला. तिसऱ्यांदा लाईट गेली आणि ती बॅच फेकावी लागली.

कोरडे गोठलेले तुकडे भिजवल्यावर न गोठलेल्यांच्या जवळपास आले. त्यांच्यात बर्फ व्हायला पाणीच नव्हतं ना! ओले गोठलेले पहिल्या दिवशी जेमतेम, दुसऱ्या दिवशी थोडे सावरले, काही सावरलेच नाहीत. मी खुशीत तक्ता केला. सर म्हणाले, फ्रीजर म्हणजे निफाडची पहाट नव्हे. तिथे पारा हळूहळू उतरतो आणि उणे 18 च्या जवळपासही जात नाही.

म्हणून आता पुन्हा, सावकाश थंड करून. मामाने बांधावर थर्मामीटर टांगलाय आणि रोज सकाळी आकड्याचा फोटो पाठवतो, शेजारी चहाचा कप.