सोफीला आणलं कुणी?

डेन्मार्कमधल्या ऑर्हूसमध्ये मी प्रौढांना डॅनिश शिकवते. वर्गात पोलंड, युक्रेन, सीरियाचे लोक असतात, शिवाय आपल्याकडचे एक-दोन आयटीवाले. त्या दिवशी कर्म आधी येणारी वाक्यं घ्यायची होती. एरवी सुरुवात होते ती डॅनिश भाषाअभ्यासक पाउल दिदेरिक्सेनच्या १९४६ च्या व्याकरणातल्या तक्त्याने: पहिल्या रकान्यात कुणीही बसावं, दुसऱ्यात क्रियापद, आणि कर्ता पहिल्यात नसेल तर क्रियापदाच्या लगेच नंतर. मी तक्ता बाजूला ठेवला आणि फळ्यावर तीनच शब्द लिहिले: 'सोफी हेन्टेदे लार्स.' हेन्टेदे म्हणजे जाऊन घेऊन आलं. कुणी कुणाला? वर्ग एका सुरात म्हणाला, सोफीने लार्सला.

मग त्याच्या वर गोष्ट लिहिली. लार्सला दोन मुली. एमा शाळेत जाते, सोफी बालवाडीत. एमाला आणायला आई गेली. खाली तेच तीन शब्द, तसेच.

"लार्सने आणलं!" पोलंडचा एक सुतार ओरडला आणि लगेच वैतागला. वाक्य तेच, मग आधीचं उत्तर चूक कसं? चूक नव्हतंच. डॅनिशमध्ये 'तो' आणि 'त्याला' यांची रूपं वेगळी, हान आणि हाम. पण सोफी, लार्स ही नावं कर्ता असोत की कर्म, तशीच राहतात. पोलिशमध्ये नावंही विभक्तीत चालतात, मराठीत 'ने' आणि 'ला' आहेत. आपल्याला शब्द कुठे बसलाय हे बघावंच लागत नाही.

पुढे मी 'इक्के' जोडलं, म्हणजे नकार: 'सोफी हेन्टेदे लार्स इक्के.' आता नियमाने संशय उरत नाही. कर्म नाम असेल आणि वाक्याच्या सुरुवातीला आलेलं नसेल, तर ते इक्केनंतर येतं. इथे लार्स इक्केच्या आधी, म्हणजे तोच कर्ता. गोष्ट समोर होती तोवर बहुतेकांनी हे बरोबर वाचलं. गोष्ट पुसून 'मेटे सो पेटर इक्के' असं सुटं वाक्य दिलं, तर नियम पाठ असलेलेही म्हणाले, मेटेला पेटर दिसला नाही. खरं तर पेटरला मेटे दिसली नव्हती.

जन्माने डॅनिश बोलणाऱ्यांचंही असंच होतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशी वाक्यं सुटी वाचताना डॅनिश वाचक अडखळले, आणि आधीचा मजकूर जुळता असला की समज सुधारली. मेंदूच्या स्कॅनमध्ये ब्रोकाच्या भागातही, म्हणजे भाषेशी जोडलेल्या भागात, संदर्भाचा परिणाम दिसला.

कर्म उगाच पुढे येत नाही. एमाचं झालं, आता सोफीचं, अशी काहीतरी तुलना मनात चाललेली असते. ते कारणच कापून वाक्य सरावाला देणं मला शिकणाऱ्यावर अन्याय वाटतो, आणि सरावपत्रिका अशाच वाक्यांनी भरलेल्या असतात.

म्हणून शेवटी उलटं काम दिलं: वाक्य माझं, त्याच्या आधीच्या ओळी तुमच्या. एका सीरियन बाईंनी लिहिलं की पेटर स्टेशनवर उभा होता, गर्दीत त्याला आना दिसली, ओले दिसला. मग 'मेटे सो पेटर इक्के.' मोठ्याने वाचताना त्यांनी 'मेटे'वर आपसूक जोर दिला. तो जोर मी अजून शिकवला नव्हता.