आजारपणाची पेटी: पावसाळ्यातली डागडुजी

आई किंवा बाबा आजारी पडले की मुलांनी आपापलं खेळावं म्हणून खेळांची एक पेटी तयार ठेवलेली असते. साथीचा ताप घरोघरी फिरायला लागायच्या आत ती नव्याने भरायला घेतली. मुलांचं वय अडीच ते सहा. कसोटी जुनीच: मूल खेळत असताना आजारी आईला किंवा बाबांना अंथरुणातून उठावं लागता कामा नये. उघडून द्यायला नाही, सांडलेलं पुसायला नाही, आवरायलाही नाही. जलरंग याच कसोटीवर बाद झाले, कारण त्यांना पाण्याची वाटी लागते आणि ती लवंडतेच.

पेटी म्हणून द्राक्षांचा पुठ्ठ्याचा खोका उत्तम. नाशकात हंगाम संपताना तो सहज मिळतो आणि लहान मुलालाही ओढता येतो. मात्र आतला ग्रेप गार्डचा कागद, म्हणजे द्राक्षं टिकावीत म्हणून घातलेला औषधी कागद, आधी काढून फेका. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. दमट हवेत त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि नाक, घसा, डोळे चुरचुरतात. दम्याच्या मुलाला तर हा वायू फारच वाईट. प्लास्टिकचं अस्तर आणि पिनाही काढा. कोरड्या फडक्याने पुसून खोका दिवसभर उन्हात ठेवा. आत कापडी पिशव्या, प्रत्येकीत एकच खेळ. एका वेळी एकच पिशवी बाहेर काढायची. सगळ्या एकदम उघडल्या की अर्ध्या तासात मूल कंटाळतं आणि पसारा मात्र दिवसभर राहतो.

सगळ्यात जास्त वेळ खेळण्याच्या पिठाने खाल्ला. नेहमीचं प्रमाण: मैदा 1 वाटी, मीठ अर्धी वाटी, पाणी 1 वाटी, तेल 1 मोठा चमचा, लिंबाचा रस 1 मोठा चमचा. सगळं कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं. मिश्रण कढईच्या कडा सोडून गोळा झालं की उतरवायचं आणि कोमट असताना मळायचं. उन्हाळ्यात हे पीठ छान राहतं, श्रावणात मात्र त्याला पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओलावा ओढायला लागतं, आणि पावसाळ्यात इथे ती बहुतेक दिवस त्याहून जास्तच असते. म्हणून मीठ पाव वाटीवर आणलं. मीठ कमी म्हणजे बुरशी लवकर, तेव्हा लिंबाएवढे गोळे करून घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. चिकट झालेला गोळा तव्यावर मिनिटभर परतून चमचाभर मैद्यात मळला की सुधारतो. आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या. जे मूल अजून सगळं तोंडात घालतं, त्याला हे पीठ नकोच, त्यातलं मीठ पोटात जायला नको. त्याला साधी कणीक द्या आणि संध्याकाळी टाका.

निवडानिवडीच्या खेळातून कडधान्यं काढली. हरभरा किंवा वाटाणा नाकात गेला तर ओलाव्याने फुगतो आणि मग काढणं अवघड होतं. पाण्याच्या बाटल्यांची झाकणंही काढली. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे लहान भाग तपासायच्या नळीचा व्यास 3.17 सेंटिमीटर असतो आणि ही झाकणं साधारण 3 सेंटिमीटरची, म्हणजे त्यात बसतात. त्यांच्या जागी लोणच्याच्या, जॅमच्या बरण्यांची रुंद झाकणं आली. स्टीलच्या वाट्या मुलांना फार आवडतात, पण तापात डोकं ठणकत असताना तो खणखणाट सोसवत नाही. द्यायच्याच असतील तर खाली गोधडी अंथरा.

झोपल्या झोपल्या खेळता येईल असा खेळ म्हणून आगगाडी पक्की झाली आहे. फरशीवर कागदी चिकटपट्टीचा रूळ, पलंगापासून समोरच्या भिंतीपर्यंत. रुळाला दोरी वापरू नका, ती गळ्याभोवती जाऊ शकते. वाटेत पुठ्ठ्याची स्टेशनं: नाशिकरोड, ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव, समिट, मनमाड. पलंग म्हणजे नाशिकरोड. लासलगावला कांद्याची गोणी चढते. मोज्यांची जोडी तिला पुरते. आजारी माणसाने फक्त पुढच्या स्टेशनाचं नाव पुकारायचं. घसा बसला असेल तर उशीशेजारी एक लाल आणि एक हिरवा पुठ्ठा ठेवा. पट्टी त्याच संध्याकाळी काढा, नाहीतर डिंक फरशीला धरतो. धरलाच तर खोबरेल लावून पुसा.

डॉक्टर-डॉक्टर खेळताना साथीचा ताप असेल तर पेशंट बाहुली. गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा नकोत, त्यांच्या कडा कापतात आणि गोळ्या खेळायच्या असतात असं मुलाच्या डोक्यात बसतं. डिजिटल थर्मामीटरमध्ये बटणासारखा सेल असतो, तो गिळला तर अन्ननलिका भाजते. आइस्क्रीमची काडी हाच थर्मामीटर.

खाऊचा डबा मुलाच्या हाताशी, पण खायचं बसूनच: केळं, उकडलेलं रताळं, तूप-साखर लावलेली पोळीची गुंडाळी. द्राक्षं दिलीच तर उभी चिरून चार फोडी. शेंगदाणे, फुटाणे आणि दाणे घातलेला चिवडा नको.

आजारी माणसाला ग्लानी येत असेल किंवा सारखी झोप लागत असेल, तर पेटीवर विसंबू नका. शेजारच्या काकू, मावशी, आजी, कुणीतरी जागं मोठं माणूस घरात हवंच. म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला शेजाऱ्यांचा नंबर ठळक लिहिला आहे.

राहिलेलं काम: कापडी पुस्तकाला चेन आणि मोठे काज लावायचे आहेत. बटणं दुहेरी दोऱ्याने शिवून जोराने ओढून पाहिल्याशिवाय ते पिशवीत जाणार नाही.