काम धरलं तर पगार बंद होतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. चहाच्या टपरीवर येतो, शेअर रिक्षात येतो, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याने जिलेबी ताटात पडायच्या आत विचारला. माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही आणि तरी मी रोज शिलाईच्या कारखान्यात जातो, एवढं दिसलं की ज्याच्या घरात कुणी अपंग आहे तो माणूस जवळ सरकतो, आवाज खाली आणतो आणि विचारतो, "काम धरलं तर पगार बंद होतो का?"

सोलापूरबाहेरच्यांना आधी हा 'पगार' समजावून सांगायला हवा. संजय गांधी निराधार योजनेचे जे पैसे दरमहा खात्यात येतात, त्याला आमच्याकडे बरेच जण पगार म्हणतात. दिवसभर मागावर उभं राहून मिळते ती मजुरी, आणि घरात बसून मिळतो तो पगार. म्हणणाऱ्याला यात काही गंमत वाटत नाही.

तर उत्तर: होतो. नियमाप्रमाणे होतो. अटी अशा: 40 टक्के किंवा वर अपंगत्व, वय 18 ते 65, आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 50,000 च्या आत. बाकीच्या निराधारांना ही मर्यादा 21,000 आहे, आम्हाला जरा सैल केलीय. पण 50,000 ला बाराने भागून बघा. महिन्याला 4,166 रुपये. आणि ते एकट्याचं नाही, घराचं. माझी बायको विड्या वळते. सकाळी सूप मांडीवर घेतलं की दुपारपर्यंत मान वर नाही, दिवसाला हजार विडीचा हिशोब, त्यात छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली तर तेवढी मजुरी गेली. तिने महिनाभर खाडा न करता वळल्या तर तिच्या एकटीच्या कमाईतच आमचं घर मर्यादेच्या कडेला येतं. मी एक कॉलर न लावता.

मग उत्पन्नाच्या दाखल्यावर काय असतं, ते मी इथे लिहीत नाही. ज्यांनी दाखला काढलाय त्यांना ठाऊक आहे. माझ्याही दाखल्यावर तेच होतं.

इथपर्यंतचं उत्तर कुणीही देईल. मी काय केलं ते विचारत असाल, तर जरा मागे जावं लागेल.

2016 पर्यंत मी चार माग सांभाळत होतो. टॉवेलचे. बारा तासांची पाळी आणि बारा तास उभं. धोटा अडकला, ताण्याचा धागा तुटला की या मागावरून त्या मागावर. त्या पावसाळ्यात रात्रीची पाळी संपवून सायकलवर घरी निघालो होतो, अक्कलकोट रोडला टेम्पोने उडवलं. टेम्पो सापडला नाही. पाय वाचवायचा प्रयत्न तीन आठवडे झाला, मग डॉक्टरांनी घरच्यांना बाहेर बोलावलं.

कामावरून घरी येताना झालेला अपघात हा कामावरचाच अपघात धरायचा, अशी दुरुस्ती कर्मचारी राज्य विमा कायद्यात 2010 सालीच झाली होती. इएसआयचं, म्हणजे याच विम्याचं, कार्ड असतं तर पाय बरा होईपर्यंत मजुरीच्या 90 टक्के मिळाले असते, आणि पुढे जन्मभर अपंगत्वाचा लाभ, कमाईची ताकद जेवढे टक्के गेली त्या हिशोबाने. यातली खरी गोष्ट अशी की तुम्ही परत कामाला लागलात म्हणून तो लाभ बंद होत नाही. पाय गेला त्याचे ते पैसे असतात, घरी बसल्याचे नसतात. पण त्यासाठी कारखान्यात दहा माणसं लागतात. आम्ही बारा जण होतो. हजेरीच्या वहीत आठ.

म्हणजे तोच रस्ता, तोच टेम्पो, तोच पाय. वहीत चार नावं जास्त असती तर हा प्रश्न मला कुणी विचारलाच नसता. मालकाने दवाखान्यात येऊन पाच हजार उशीखाली ठेवले, त्याला मी वाईट म्हणत नाही. पण वहीचा विषय त्याने काढला नाही, आणि तेव्हा मलाही काढायचा असतो हे माहीत नव्हतं.

पुढची दोन वर्षं कागदांत गेली. तपासणी, 60 टक्क्यांचं प्रमाणपत्र, (आता ते पिवळ्या पट्ट्याचं कार्ड झालंय, 80 पासून वर निळा पट्टा असतो, आणि आमच्यात एक जण निळ्यावाल्यांचा हेवा करतो, त्याला काय म्हणावं!), रहिवासी, उत्पन्न, आधार, पासबुक. मग पगार मंजूर करणाऱ्या समितीची बैठक कधी होते याची वाट. रोजगार मार्गदर्शन केंद्रात नावही घातलं. सरकारी नोकरीत आमच्यासाठी 4 टक्के जागा आहेत, 2016 च्या कायद्याने, पण मी दहावी नापास. त्या टक्क्यांशी माझा संबंध एवढाच की लोक मला ते सांगतात. 2018 मध्ये पहिला पगार आला. 600 रुपये.

काम मिळालं ते कुठल्या केंद्रातून नाही, बायकोच्या विडी कारखान्यातल्या एका अक्काकडून. तिचा भाऊ युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर. सोलापुरात चादर-टॉवेलसोबत आता शाळेच्या गणवेशांचंही मोठं काम आहे, हे बाहेर कमी जणांना माहीत असतं. मास्तरने एकच प्रश्न विचारला, "कुठला पाय?" मी म्हटलं, डावा. तो म्हणाला, "मग बस की बे मशीनवर. पायडल उजव्याने चालतंय."

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, आणि नव्हतंच. मशीन जमायला तीन महिने लागले. उजव्या पायाने पायडल आणि त्याच पायाच्या गुडघ्याने बाजूचा दांडा ढकलून सुईजवळचा फूट उचलायचा. धडधाकट माणूस डाव्या पायावर जरा भार देऊन बसतो, ते त्याला कळतही नाही. माझा डावीकडे जयपूर फूट. पहिले काही दिवस मी दांडा ढकलला की खुर्चीवरून घसरायचो. शेवटी डाव्या बाजूला खुर्चीच्या पायाखाली लाकडाची चकती ठोकली. ती अजून आहे. झाडणाऱ्या बाईने एकदा काढून टाकली, तर त्या दिवशी सगळ्या कॉलरी वाकड्या.

काम म्हटल्यावर लोक मजुरी विचारतात. मी सांगतो, आधी जिना विचारा. कारखाना पहिल्या मजल्यावर, चौदा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला, संडास खाली. जेवणाच्या सुट्टीत एकदाच उतरायचं म्हणून मी सकाळी पाणी कमी पितो. आणि मे महिना. पारा 43 च्या पुढे गेला की कृत्रिम पायाच्या साच्यात खुंटाला घाम सुटतो, मोजा ओला होतो, कातडी सोलते. मग दोन-तीन दिवस पाय चढवता येत नाही. पीसवर, म्हणजे नगावर मजुरी असलेलं काम असलं की त्या दिवसांचं काही नाही. आणि शाळेच्या युनिफॉर्मचा भर सीझन नेमका तोच, मार्च ते जुलै. म्हणून मी दोन मोजे डब्याच्या पिशवीतच ठेवतो, भाकरी आणि शेंगाचटणीच्या शेजारी. बायकोला ते आवडत नाही.

2019 च्या डिसेंबरात, गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, तयारी सुरू होती तेव्हा, शेजारच्या मशीनवरचा एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझं बरंय बे, दोन-दोन पगार." हसण्यावारी नेलं, पण लागलं. त्या वर्षी सहाशेचे हजार नुकते झाले होते. आठवड्याने मी कोऱ्या कागदावर अर्ज लिहून कचेरीत गेलो: मला काम मिळालं आहे, माझं नाव कमी करावं. खिडकीतल्या माणसाने तो दोनदा वाचला. नाव मंजूर करायचे अर्ज त्याने ढिगाने बघितले होते. कुठल्या गठ्ठ्यात ठेवायचा ते त्याला कळेना. शेवटी म्हणाला, "नक्की ना? परत यायचं झालं तर पहिल्यापासून करावं लागेल." मी ताठ मानेने हो म्हटलं. ती ताठ मान तीन महिने टिकली.

मार्च 2020 ला सगळं बंद झालं. माग काही महिन्यांनी सुरू झाले, आमचं नाही. शाळाच बंद, तर गणवेश कुणाला? एक सीझन गेला, दुसराही जवळजवळ गेला. इएसआयमध्ये काम सुटलेल्यांना 90 दिवसांपर्यंत निम्मी मजुरी द्यायची योजना आहे, पण त्याला दोन वर्षांचा विमा लागतो. माझं एकच झालेलं. आणि पगार तर मी स्वतःच्या सहीने सोडलेला. बायकोच्या विड्याही सुरुवातीला बंद होत्या. त्या दिवसांत रेशनचा तांदूळ होता म्हणून निभावलं.

परत पहिल्यापासून केलं. खिडकीत तोच माणूस होता. काही बोलला नाही, अर्ज घेतला, वरचा कागद खाली घालून नीट लावून दिला. त्याचे मी आजही उपकार मानतो.

2022 ला शाळा पुरत्या सुरू झाल्या आणि आम्हाला श्वास घ्यायला वेळ नाही इतकं काम आलं. या वेळी मी घाई केली नाही. अख्खं वर्ष बघितलं. सीझनमध्ये महिन्याला नऊ-दहा हजार, सप्टेंबरनंतर कधी चार, कधी तीन, एक महिना शून्य. वर्षाची बेरीज केली, 50,000 च्या बरीच वर गेली. मग 2023 मध्ये जानेवारी ते मार्चच्या आत जो हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो दिला नाही. अर्जबिर्ज काही नाही. पैसे यायचे थांबले. त्या फायलीच्या हिशोबाने मी बहुधा वारलो.

त्याच जुलैत हजाराचे दीड हजार झाले. 2025 च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांना अडीच हजार. बायको म्हणते, "अहो, तुम्ही सोडलं की सरकार वाढवतं. आणखी दोघा-चौघांना सोडायला सांगा की."

म्हणून मला विचारणाऱ्याला मी सांगतो ते एवढंच की काम लागलं त्या आठवड्यात शूर होऊ नका. मर्यादा वर्षाची आहे, महिन्याची नाही. चार महिने नऊ-नऊ हजार मिळाले आणि बाकी वर्ष कोरडं गेलं, तर बेरीज 36,000 होते. घरात दुसरं उत्पन्न नसेल तर तुम्ही नियमातच आहात, चोरून काही करत नाही. एक पूर्ण सीझन आणि त्यानंतरची मंदी, दोन्ही बघा. इएसआयचं कार्ड मिळतंय का बघा, हजेरीच्या वहीत आपलं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघा. वर गेलात तर सोडा. मी सोडला, म्हणजे सोडायला सांगायचा मला थोडा हक्क आहे. पण ज्याने सोडला नाही त्याला मी नावं ठेवत नाही. 4,166 रुपयांत सोलापुरात घर कसं चालतं, हे तो आकडा ठरवणाऱ्याने एकदा आमच्या बायकोला समजावून सांगावं. ती सूप बाजूला ठेवून ऐकेल.

परवा ज्याने विचारलं तो विशीतला पोरगा, पोलिओ, उजवा पाय. आईला पुढे करून आला होता, प्रश्न तिनेच विचारला. हे सगळं मी तिला सांगितलं, तेवढा वेळ तो माझ्या खुर्चीखालच्या चकतीकडे बघत होता. जाता जाता त्याने स्वतः तोंड उघडलं, "काका, पायडल डाव्या पायाने चालतंय का?"

पायडलचं होईल, पट्टी रुंद असते. अडचण गुडघ्याच्या दांड्याची, तो उजवीकडेच असतो. मेकॅनिकला विचारलं. तो म्हणतो, फुटाला साखळी लावून खाली डावीकडे वेगळं पायडल देता येईल, साहित्य सोमवारपर्यंत बघतो. पोराला मंगळवारी बोलावलंय. चौदा पायऱ्या आहेत, हे आईला सांगितलंय.