सावद्याची वाट आणि मँचेस्टरचं विमान

दिवाळी होऊन महिना झाला होता. नोव्हेंबर 2025 चा तिसरा आठवडा. सावद्याहून अक्काचा फोन आला, "रविवारी मळ्यात भरीत आहे, ये. मँचेस्टरच्या तिकिटाचं तुझ्याशी बोलायचंय." तिचा मुलगा चार वर्षांपासून तिकडे आहे. नात दीड वर्षाची झाली आणि अक्का-दाजींनी तिला अजून मांडीवर घेतलेलं नाही.

मी गेली 18 वर्षं अमळनेरला तिकीट बुकिंगचं छोटं ऑफिस चालवते. रेल्वेच्या तिकिटांपासून सुरुवात झाली, आता निम्मं काम विमानाचं असतं. पोरं पुण्याला शिकायला जातात, तिथून परदेशात, आणि मग आईवडील माझ्यासमोर येऊन बसतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, स्वस्तात सरळ जाणारं काही आहे का?" इतकी वर्षं माझं उत्तर असायचं की सरळ जाणारं स्वस्त नाही आणि स्वस्त असलेलं सरळ नाही.

सकाळी भुसावळच्या गाडीत बसले. खिडकीबाहेर कपाशीची वेचणी चालू होती. मधूनमधून दादर ज्वारीचे हिरवे पट्टे आणि नुकता उगवलेला हरभरा. समोरच्या आजींनी विचारलं, "कथा जाई ऱ्हायनी वं?" सावद्याला म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून दोन पेरू काढून दिले.

भुसावळला उतरून सावद्याच्या काळीपिवळीत शिरले. दहा माणसं भरल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली म्हणून त्याला विचारलं, दिवसाला किती फेऱ्या होतात? "चार झाल्या तर पेट्रोल आन् हप्ता निघतो, पाचवी झाली तर घरी काही नेतो." म्हणून तो सावद्याला पोचला की गाडी बंदही न करता हाका मारायला लागतो.

स्वस्त विमानांचं सगळं गणित या पाचव्या फेरीत आहे. मुंबई–नागपूरसारख्या टप्प्यावर विमान उतरल्यावर अर्ध्या तासात परत उडवायचं, दिवसाला सहा-सहा उड्डाणं करायची. उभं विमान म्हणजे नुसता हप्ता. त्यात जेवण विकत, सामान विकत, सगळी विमानं एकाच जातीची. भारतात इंडिगोनं ऑगस्ट 2006 पासून हेच केलं आणि साध्या माणसाला विमानात बसवलं.

आता जळगावहून पुण्याला जाणारी रात्रीची ट्रॅव्हल्स बघा. रात्री निघते, सकाळी पोचते. महागडी स्लीपर असो की साधी सीटर, रात्रीत फेरी एकच. कितीही घाई केली तरी दुसरी निघत नाही. मग स्वस्तवाल्यानं वाचवायचं कुठून? डिझेल दोघांना सारखंच लागतं, ड्रायव्हर दोघांनाही दोन ठेवावे लागतात.

लांबच्या विमानाचं तसंच आहे. मुंबईहून इंग्लंड म्हणजे नऊ-दहा तासांच्या वर. मोठ्या जुन्या कंपन्यांची विमानंही या मार्गांवर दिवसातले बहुतेक तास हवेतच असतात, त्यामुळे पाचव्या फेरीचा फायदा नव्या कंपनीला मिळत नाही. खर्चात इंधनाचा वाटा वाढतो, कारण लांब जायचं तर आधी ते इंधनच उचलून न्यावं लागतं. वैमानिक जास्तीचे लागतात, पलीकडे उतरल्यावर त्यांना हॉटेलात झोपवावं लागतं. शिवाय जुन्या कंपनीच्या पुढच्या भागात बिझनेस क्लासचे लोक बसलेले असतात. मागच्या सीटचा दर पाडला तरी पुढच्या सीटा तो खड्डा भरून काढतात.

हा प्रयोग नवा नाही. 26 सप्टेंबर 1977 ला फ्रेडी लेकर या इंग्रज माणसानं लंडन–न्यूयॉर्क स्कायट्रेन सुरू केली. एका बाजूचं भाडं 59 पौंड, आगाऊ बुकिंग नाही, ज्या दिवशी जायचं त्या दिवशी रांगेत उभं राहून तिकीट घ्यायचं. आपल्या जनरल डब्याची कल्पनाच त्यानं समुद्रापलीकडे नेली. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण कर्ज डॉलरमध्ये होतं, मंदी आली, मोठ्या कंपन्यांनीही भाडी पाडली, आणि फेब्रुवारी 1982 मध्ये सगळं बंद पडलं. पुढे नॉर्वेजियननं 2013 पासून नवी ड्रीमलायनर विमानं घेऊन तेच करून पाहिलं. त्यांच्या इंजिनांत दोष निघाला, भाड्याची विमानं आणावी लागली, कोरोनात कंबर मोडली आणि जानेवारी 2021 मध्ये त्यांनी लांबचे मार्ग सोडल्याचं जाहीर केलं. आइसलँडची वॉव एअर तर डिसेंबर 2018 मध्ये दिल्लीपर्यंत आली आणि मार्च 2019 मध्ये संपली.

अशा बंद पडण्याचा चटका मी स्वतः सोसला आहे. काही वर्षांपूर्वी एका घरातल्या पाच जणांची तिकिटं मी काढून दिली होती, पोरीच्या बाळंतपणासाठी. प्रवासाच्या आधीच कंपनी थांबली. पैसे परत आले नाहीत. त्या आईनं मला एक शब्द वाकडा बोलला नाही, नुसती ऑफिसात बसून राहिली. तेव्हापासून नव्या कंपनीचं नाव ऐकलं की मी आधी तिच्यामागे कोण उभं आहे ते बघते.

तापीचा पूल ओलांडला आणि हवा बदलली. बामणोदच्या पुढे दोन्ही बाजूंना केळीच केळी. फैजपूर गेलं. 1936 चं काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं ते इथेच. मग सावदा.

मळ्यात पोचले तेव्हा वांगी काड्यांवर भाजायला लागली होती. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यावर हिरवी-पांढरी, वीतभर लांब भरताची वांगी. साल काळं पडून फुटलं की आतला रस जाळात पडून चर्र आवाज होतो. दाजी ती राखेतून ओढून साल काढत होते आणि दोन पोरं लाकडी बडगीत मिरची-लसूण घालून ठेचत होती. केळीच्या पानावर भरीत, कळण्याची पुरी, कांद्याची पात. पहिली दहा मिनिटं कुणी तिकिटाचं नाव काढलं नाही.

मग दाजींनीच विचारलं, "पेपरात आलंय, इंडिगोचं मुंबईहून मँचेस्टर सरळ सुरू झालं. टिकेल का?"

जुलै 2025 मध्ये इंडिगोनं मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम सुरू केलं. विमानं बोइंग 787, तीही स्वतःची नव्हेत, नॉर्स अटलांटिक या नॉर्वेच्या कंपनीकडून भाड्यानं घेतलेली. नॉर्स स्वतःच स्वस्तात लांब उडवायला 2021 मध्ये निघालेली कंपनी. जून 2022 मध्ये ओस्लो–न्यूयॉर्कनं तिची सुरुवात झाली. तिनं आपली सहा विमानं इंडिगोला द्यायचं ठरवलं, कारण दर महिन्याचं नक्की भाडं हे हिवाळ्यात रिकाम्या सीटा घेऊन उडण्यापेक्षा बरं. माझ्या मते या धंद्याची खरी अवस्था एवढ्यावरूनच कळते. नुसतं स्वस्त तिकीट विकून भागत नाही.

दाजींना मी सांगितलं, मला इंडिगोकडून आशा आहे, कारण ती नुसती नवी कंपनी नाही. तिच्याकडे गावागावातून माणसं गोळा करून मुंबईला आणणारी स्वतःचीच विमानं आहेत. सिंगापूरच्या स्कूटमागे सिंगापूर एअरलाइन्स आहे, ती 2012 पासून उडतेय. मलेशियाची स्वस्तात लांब उडणारी एअरएशिया एक्स मात्र लंडनला टिकली नाही, 2012 मध्ये तिनं ते सोडलं. स्वतःसाठी इंडिगोनं 2024 मध्ये 30 एअरबस ए350 मागवली आणि 2025 मध्ये तो आकडा 60 केला. शिवाय ए321एक्सएलआर नावाचं लहान विमान तेव्हा यायचं होतं. त्यात साधारण 200 माणसं बसतात आणि ते 8700 किलोमीटरपर्यंत जाऊ शकतं. भाड्याच्या बोइंगसारखं 338 सीटांचं विमान मंदीच्या महिन्यात भरणं अवघड, 200 सीटांचं भरतं. काळीपिवळी दहा जणांत निघते म्हणून ती गावोगाव चालते, बस तशी चालत नाही.

अडचणीही सांगितल्या. एप्रिल 2025 पासून पाकिस्ताननं आपल्या विमानांना आकाश बंद केलं होतं. दिल्लीच्या विमानांना मोठा वळसा पडत होता, मुंबईच्या विमानांना त्या मानानं कमी.

"आमची केळी नाही का नेत ते?" दाजींनी विचारलं. त्यांच्या घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या होत्या, माल आखाती देशांत जाणार होता. केळी 13 अंशांच्या थंड कंटेनरमध्ये न्हावाशेवाहून जहाजानं जातात. विमानाच्या भाड्यात ती परवडणारच नाहीत, वजन जास्त आणि किंमत कमी. पण विमानाच्या पोटात औषधं, यंत्रांचे सुटे भाग, ताजी भाजी जाते आणि त्याचे चांगले पैसे मिळतात. पुण्याची ट्रॅव्हल्ससुद्धा डिकीतल्या पार्सलांवर तगते, हे दाजींना चांगलं ठाऊक. स्वस्तात लांब उडवणारी जी कंपनी पोटातल्या मालाकडे दुर्लक्ष करेल ती जास्त दिवस टिकणार नाही, असं मला वाटतं.

अक्का इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मला स्वस्त नको गं. मधे उतरायचं नको." मग हळूच आमच्या माहेरच्या बोलीत, "तठे माले कोन समजाडी?"

खानदेशातल्या आईबापांचं हेच आहे. दुबई किंवा दोहाला रात्री दोन वाजता उतरून, दुखत्या गुडघ्यांनी दुसरं गेट शोधायचं, बोर्ड इंग्रजी-अरबीत. हजार रुपयांसाठी नव्हे, या भीतीपोटी ते जात नाहीत. सरळ विमानाला हा प्रवासी दोन पैसे जास्त देतो. सीट रुंद नसली तरी चालते. त्याला हवं असतं शाकाहारी जेवण, आपल्या भाषेत नाही तरी हिंदीत बोलणारं कुणीतरी, आणि सामान. नव्या कंपन्यांनी हे ओळखायला हवं. इंडिगोनं या लांबच्या विमानांत गरम जेवण तिकिटातच दिलंय, ते बरोबर केलंय.

राहिला प्रश्न मुंबईपर्यंत जायचा. जळगावचं विमानतळ 2012 मध्ये सुरू झालं. डिसेंबर 2017 ला सरकारच्या उडान योजनेतून मुंबईचं विमान आलं आणि थांबलं, मग दुसऱ्या कंपनीचं अहमदाबादचं आलं, तेही थांबलं. 2024 पासून पुन्हा लहान विमानं येऊ लागली. तरी अक्काला मी रात्रीची रेल्वेच सुचवली. एक दिवस आधी मुंबईत भाच्याकडे मुक्काम. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं जोडली की पहिलं चुकलं तर दुसऱ्याचे पैसे गेले.

तिकीट एप्रिलचं ठरलं. मी दोन अटी घातल्या: पैसे क्रेडिट कार्डानं भरायचे, म्हणजे कंपनी अडचणीत आली तर बँकेकडे दाद मागता येते. आणि पाच महिने आधी नाही, फेब्रुवारीत काढायचं. दाजींना दुसरी अट पटली नाही, तोवर भाव चढेल म्हणाले. चढेल थोडा. मला ती ऑफिसात बसून राहिलेली आई आठवत होती, मी मागे हटले नाही.

निघायच्या आधी अक्कानं आतून एक बॅग ओढत आणली. एप्रिलच्या प्रवासाची बॅग नोव्हेंबरातच भरलेली. बिबड्या, कळण्याचं पीठ, बट्टीचं पीठ, उडदाचे पापड, आणि नातीसाठी स्वतः शिवलेल्या दोन गोधड्या. दाजींनी ती केळीच्या वजनकाट्यावर ठेवली. 26 किलो 400 ग्रॅम.

"तेवीस धरून चल," मी म्हटलं.

अक्का काट्याजवळ उकिडवी बसली. पापडाचं एक पुडकं काढलं. बट्टीच्या पिठाची पिशवी काढली, हातात तोलली, परत ठेवली. मग बिबड्या सगळ्या काढल्या. गोधड्यांना तिनं हात लावला नाही.