दहाची नोट

भाची मँचेस्टरहून आली तेव्हा पर्समधली सगळी परदेशी चिल्लर तिनं ओट्यावर ओतली. नाणी पोरांनी पळवली. एक नोट उरली, ती आईनं उचलली आणि खर्चाच्या वहीत घालून ठेवली. "असू दे, जाताना विमानतळावर चहाला होईल." भाची गेली, नोट राहिली.

आईची वही म्हणजे प्रकरण आहे. दूध, इस्त्री, भाजी, गणपतीची वर्गणी, आणि शेवटी 'किरकोळ'. ज्या रुपयांचा थांग लागत नाही ते सगळे किरकोळीत जातात. त्या किरकोळीच्या पानावर आता दहा पौंडांची नोट, आणि नोटेवर टोपी घातलेली, गोल चेहऱ्याची जेन ऑस्टिन.

"ही राणी का?" आईनं विचारलं.

"राणी पुढच्या बाजूला आहे. ही लेखिका."

"काय लिहायची?"

"लग्नं कशी जुळली त्याच्या गोष्टी."

"म्हणजे मुलाची मिळकत काय, घर स्वतःचं का, हेच ना?"

एम.ए.ला दोन वर्षं मी या बाईंवर टिपणं काढली होती. ती सगळी पुन्हा काढायला हवीत असं क्षणभर वाटलं. कारण त्यांच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीत नायक डार्सी नाचाच्या दालनात पाऊल टाकतो आणि पाच मिनिटांत सगळीकडे कुजबुज पसरते, की वर्षाला दहा हजार! त्याचा मित्र बिंगली, त्याचे चार-पाच हजार आधीच मोजून झालेले असतात. बेनेट कुटुंबाचे दोन हजार येतात खरे, पण पाचही मुलीच, त्यामुळे बापाच्या मागे इस्टेट दूरच्या नातेवाइकाकडे जाणार. आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या बैठकीत निदान आडून तरी विचारतात. ऑस्टिनबाई आकडा सरळ पानावर मांडतात आणि मग त्या आकड्याभोवती माणसं कशी वागतात ते शांतपणे बघत बसतात.

या बाईंच्या आयुष्यात दहा पौंडांची एक जुनी गोष्ट आहे. नोट हातात आली की मला तीच आठवते.

१८०३ साली त्यांनी 'सुझन' नावाची कादंबरी लंडनच्या क्रॉस्बी नावाच्या प्रकाशकाला विकली. मोबदला दहा पौंड. प्रकाशकानं जाहिरात केली, आणि हस्तलिखित कपाटात टाकलं ते टाकलंच. सहा वर्षं वाट पाहून १८०९ च्या एप्रिलमध्ये बाईंनी त्याला पत्र लिहिलं. हस्तलिखित हरवलं असेल तर दुसरी प्रत पाठवते, छापायचं नसेल तर दुसरीकडे देईन, असा मजकूर. नाव घेतलं मिसेस अ‍ॅश्टन डेनिस आणि खाली सही केली ती फक्त आद्याक्षरांची: एम. ए. डी. तिन्ही जोडून वाचली तर इंग्रजीत 'मॅड'! संतापाची इतकी नीटनेटकी सही मी दुसरी पाहिलेली नाही. प्रकाशकाचं उत्तर अगदी व्यापारी: कधी छापू असं आम्ही कबूल केलेलं नाही, दुसरीकडे छापलंत तर कारवाई करू, हवं असेल तर दिलेले दहा पौंड परत करा आणि घेऊन जा.

त्यांनी ते नेलं नाही. वडील हयात असताना त्यांना हातखर्चाला मिळायचे वर्षाला वीस पौंड, म्हणजे दहा पौंड ही सहा महिन्यांची चैन झाली. आणि वडील तर १८०५ मध्येच बाथला वारले होते. त्यानंतर घरात हिशेब झाला तो वाचताना मला आमच्याकडची तेराव्यानंतरची बैठक आठवली. आई आणि थोरली बहीण कॅसँड्रा यांचं मिळून वर्षाला २१० पौंड उत्पन्न. भावांनी आपापला वाटा सांगितला, कुणी पन्नास, कुणी शंभर. फ्रँकनं तर शंभर कबूल करून ते आईला कळू देऊ नका असंही सांगितलं. जेनच्या नावापुढे मात्र काहीच नाही. एकोणतीस वर्षांची, घरात तीन कादंबऱ्यांचे कच्चे खर्डे लिहून झालेली बाई, आणि जमेच्या रकान्यात शून्य.

तरी हिशेब लिहायच्या. १८०७ सालचा त्यांचा खर्चाचा कागद शिल्लक आहे. वर्षभराचे साधारण ४४ पौंड. कपडे, धुलाई, टपाल, भेटवस्तू, दानधर्म, नाटकं आणि नौकाविहार, आणि भाड्यानं आणलेला पियानो. आईला मी ही यादी वाचून दाखवली. तिला पियानोचं काही वाटलं नाही, पण धुलाईचा आकडा बघून म्हणाली, "तेव्हाही इस्त्रीवाले लुटायचेच."

मग दिवस पालटले. चॉटन गावात भावानं घर दिलं, आणि १८११ मध्ये 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' निघाली. लेखिकेच्या जागी नुसतं 'एका स्त्रीकडून'. त्यातून १४० पौंड सुटले. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क त्यांनी ११० पौंडांना कायमचे विकले. दीडशे मिळाले असते तर बरं झालं असतं, पण दोघांचंही समाधान कसं व्हायचं, असं मैत्रिणीला लिहिलं आहे. घासाघीस करून हरलेल्या माणसाचा हा सूर मंडईत रोज कानावर पडतो. पुढे एका पत्रात तर स्पष्टच म्हणतात, कौतुक मलाही इतरांइतकंच आवडतं, पण रोकडाही आवडतो. साहित्यिकानं पैशाबद्दल इतकं उघड बोललेलं आपल्याकडे अजून चालत नाही.

आणि १८१६ मध्ये 'सुझन' परत आली. हेन्री हा त्यांचा लाडका भाऊ. त्यानं जाऊन प्रकाशकाच्या हातावर दहा पौंड ठेवले, हस्तलिखित ताब्यात घेतलं, आणि घरात सांगत आलेत त्याप्रमाणे, व्यवहार पुरा झाल्यावरच सांगितलं, की हे 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या लेखिकेचं आहे. तेरा वर्षं पडून राहिलेलं ते पुस्तक आज आपण 'नॉर्थँगर ॲबी' म्हणून वाचतो. छापून आलं ते १८१७ च्या डिसेंबरात. बाई त्याच वर्षी जुलैत, एक्केचाळिसाव्या वर्षी गेल्या होत्या.

या हेन्रीचं एक वेगळंच उपकथानक आहे. त्याची बायको एलायझा ही त्याची आतेबहीण, जन्म कलकत्त्याचा. आत्या नवरा शोधायला म्हणून १७५२ मध्ये जहाजानं हिंदुस्थानात आली होती. एलायझाचा धर्मपिता वॉरन हेस्टिंग्ज, ज्याच्या कारकिर्दीतला सालबाईचा तह शाळेत सन १७८२ सकट आपण घोकलेला आहे. त्यानं या मुलीच्या नावे दहा हजार पौंड ठेवले होते. इतिहासाच्या पुस्तकातला हा गृहस्थ म्हातारपणी 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचून खूश झाला आणि ते ऐकून जेनबाई त्याहून खूश झाल्या. माझ्या डोक्यात मात्र दहा हजार म्हटलं की आता डार्सी आणि हेस्टिंग्ज एकाच बाकावर बसतात.

आणि हेन्रीचा धंदा काय? बँक! ती मार्च १८१६ मध्ये बुडाली. भाऊ, मामा, सगळ्यांचे पैसे गेले. जेनचेही थोडे गेले. सुमारे दोनशे वर्षांनी त्यांचा चेहरा छापला गेला तो बँकेच्याच नोटेवर.

बँक ऑफ इंग्लंडनं ही नोट काढली २०१७ मध्ये, बाईंच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली तेव्हा. नोटेवर त्यांचं बारा बाजूंचं लिहायचं टेबल आहे. चेहरा बहिणीनं काढलेल्या रेखाटनावरून घेतलेला, पण पुढे भाच्यानं पुस्तकासाठी नीटसं करवून घेतलेल्या आवृत्तीतला. बहिणीच्या चित्रात हाताची घडी आणि जरा वैतागलेले डोळे आहेत. नोटेवरच्या बाई लग्नाच्या फोटोसाठी बसल्यासारख्या दिसतात. खाली वाक्य: वाचनासारखा आनंद नाही. वाक्य त्यांचंच, फक्त कादंबरीत ते म्हणते बिंगलीची बहीण कॅरोलाइन. डार्सी पहिला भाग वाचतोय म्हणून हिनं दुसरा उचललेला असतो. एक पानही नीट न वाचता मोठी जांभई देऊन ती हे बोलते. ऑस्टिनबाईंनी नोट पाहिली असती तर ओळ बदलू नका म्हणाल्या असत्या, याबद्दल माझी खात्री आहे.

या नोटेच्या प्लॅस्टिकमध्ये किंचित प्राण्यांची चरबी असते आणि तिकडच्या शाकाहाऱ्यांनी त्यावर ओरडा केला होता, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. वही देव्हाऱ्याच्या खालच्या खणात असते.

परवा तिला मृत्युपत्राचं सांगितलं. मरणाआधी तीन महिने जेनबाईंनी ते चार ओळींत लिहिलं. सगळं कॅसँड्राला. त्यातून फक्त दोन रकमा वगळल्या: पन्नास पौंड हेन्रीला, आणि पन्नास मादाम बिझाँ यांना. ही हेन्रीच्या घरची फ्रेंच कामवाली, वर्षानुवर्षे घर सांभाळणारी. तिचीही पुंजी बँकेबरोबर गेली असावी.

"कामवालीला दिले ते बरोबर केलं," आई म्हणाली. "भावाला कशाला? बुडवले ना त्यानं?"

"लाडका होता."

"हं." तिनं नोट काढून पुढच्या महिन्याच्या पानात सरकवली. "पन्नास म्हणजे अशा पाच?"

"पाच."

तेवढ्यात इस्त्रीवाल्यानं बेल वाजवली आणि ती वही घेऊनच दाराकडे गेली.