सरांनी फळ्यावर देव कधी आणला नाही

आमचे गणिताचे सर गेले. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, तब्येत ढासळत चालली होती, त्यामुळे कधीतरी ही बातमी येणार हे माहीत होतं, तरी आली तेव्हा काही सुचेनाच. जुन्या बॅचच्या ग्रुपवर दिवसभर मेसेज येत होते आणि बऱ्याच जणांनी फिरून फिरून तेच लिहिलं होतं, की बघा, गणिताचे इतके हुशार शिक्षक असूनसुद्धा सर किती देवभक्त होते. प्रेमानेच लिहिलंय सगळ्यांनी, पण मला ते पटत नाही. गणित एका बाजूला आणि देव दुसऱ्या बाजूला अशी ओढाताण सरांच्यात नव्हतीच, निदान मला तरी ती कधी दिसली नाही.

वर्गात सर श्रद्धेला अजिबात जागा देत नसत. भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता, आणि सिद्धतेतल्या प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण, हे लिहिलंच पाहिजे. कारण नसेल तर ओळ बरोबर असली तरी खोडायचे. कोणी म्हणालं की सर तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असणार, तर खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तपासून बघ." मायनस गुणिले मायनस प्लस का, हे आम्हाला सगळ्यांनी नियम म्हणून पाठ करायला लावलं होतं. सरांनी ते फळ्यावर करून दाखवलं. आधी पॅटर्न, तीन गुणिले ऋण दोन म्हणजे ऋण सहा, दोन गुणिले ऋण दोन म्हणजे ऋण चार, मग ऋण दोन, मग शून्य, दर वेळी दोनाने वाढतंय म्हणजे पुढे ऋण एक गुणिले ऋण दोन हे धन दोन यायला हवं. आम्ही खूश. तर म्हणाले की ही नुसती खूण झाली, सिद्धता नाही. मग ऋण एकला एक अधिक ऋण एक या कंसाने गुणलं, कंसातली बेरीज शून्य म्हणून उत्तर शून्य, आता कंस सोडवा, पहिला तुकडा ऋण एक, दुसरा तुकडा ऋण एक गुणिले ऋण एक, आणि दोघांची बेरीज शून्य यायची असेल तर दुसऱ्याला धन एक होण्यावाचून पर्यायच नाही. तो तास मला अजून आठवतो, इतकी वर्षं वापरलेल्या नियमाचं कारण पहिल्यांदा कळलं होतं.

गोल्डबाखचं अनुमान त्यांचं फार लाडकं. दोनपेक्षा मोठी कुठलीही सम संख्या दोन मूळ संख्यांच्या बेरजेने बनते, २८ म्हणजे ५ आणि २३, १०० म्हणजे ४७ आणि ५३, घ्या कुठलीही आणि करून बघा. १७४२ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या थोर गणितज्ञाला पत्र लिहिलं त्यातून हे सुरू झालं, आणि ऑयलरने उत्तरात कळवलं की हे खरं आहे याची मला खात्री आहे पण मला ते सिद्ध करता येत नाही. आज कॉम्प्युटरने ४ वर १८ शून्यं एवढ्या संख्येपर्यंत तपासलंय, एकही अपवाद नाही, तरी सिद्धता अजून नाही ती नाहीच. सर म्हणायचे की मलाही ते खरंच वाटतं, पण त्याच्याखाली 'हेच सिद्ध करायचे होते' असं मी लिहिणार नाही. मला वाटतं देवाबद्दल पण त्यांचं अगदी असंच होतं. खात्री पूर्ण, पण ती दुसऱ्यावर लादायची नाही आणि तिला सिद्धता म्हणायचं नाही.

म्हणूनच ऑयलरची ती प्रसिद्ध गोष्ट त्यांना मुळीच आवडायची नाही. रशियाच्या महाराणी कॅथरीनच्या दरबारात दिदरो नावाचा नास्तिक विचारवंत आला, ऑयलरने त्याच्या तोंडावर एक अर्थहीन समीकरण फेकून म्हटलं की म्हणून देव आहे, द्या उत्तर, आणि दिदरोला गणित येत नसल्यामुळे तो गप्प बसला. इतिहासकार ही गोष्ट खरी मानत नाहीत, दिदरोला गणित चांगलं येत होतं, त्याने गणितावर लेखसुद्धा छापले होते. आमच्यातल्या एकाने ती हौसेने वर्गात सांगितली तेव्हा सर गंभीर झाले. समोरच्याला कळत नाही याचा फायदा घेऊन देव सिद्ध करणं हा गणिताचाही अपमान आणि देवाचाही, असं म्हणाले आणि पुढचं उदाहरण घेतलं.

खऱ्या ऑयलरबद्दल मात्र भरभरून बोलायचे. तेरा मुलं झाली त्यातली पाचच मोठी झाली, रोज घरच्यांना जमवून प्रार्थना, मांडीवर मूल घेऊन गणित करायचा म्हणतात, आणि दृष्टी गेल्यावरसुद्धा काम थांबलं नाही, मुलाला आणि सहाय्यकांना सांगून लिहून घ्यायचा. सरांना त्यातलं मांडीवरचं मूल सगळ्यात जास्त आवडायचं हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

कारण घर हाच त्यांचा जीव होता. पहाटे उठून प्रार्थना, शांतपणे, कोणाला बोलवायचे नाहीत. मुलांपैकी कोणी आपणहून येऊन बसलं तर सरकून जागा द्यायचे, बस. धाकट्या मुलीला गणित आवडत नव्हतं, मार्कही कमीच. गणिताच्या सरांच्या मुलीला गणित येत नाही म्हणजे लोक काय काय बोलत असतील विचार करा. सरांनी तिला स्वतः शिकवायचं टाळलं, दुसऱ्या शिक्षकांकडे पाठवलं. परवा भेटायला गेले तेव्हा तिनेच सांगितलं, "बाबा म्हणाले घरात तुला मास्तर नको, बाप हवा." नंतर ती तिच्या आवडीच्या क्षेत्रात गेली आणि सर भेटेल त्याला तिचं कौतुक सांगत राहिले.

बाईंचं, म्हणजे सरांच्या पत्नीचं, आजारपण खूप लांबलं. त्या काळात सरांनी बाहेर जाणं जवळजवळ बंदच केलं होतं, औषधांच्या वेळा एका वहीत आखून ठेवलेल्या, कुठली गोळी कशासाठी हेही पुढे लिहिलेलं. तेव्हा एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांना तोंडावर विचारलं होतं की एवढी प्रार्थना करून काय मिळालं. मला ते ऐकून संताप आला, सरांना नाही आला. ते म्हणाले, "काही मिळावं म्हणून करत नाही हो, केल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नाही." बाई गेल्या त्यानंतरही पहाटेचा क्रम चुकला नाही. याला कोणी सवय म्हणेल, पण मी त्यांना तेव्हा जवळून पाहिलंय, नुसत्या सवयीवर माणूस एवढा खंबीर राहत नाही.

रिटायर झाल्यावरही संध्याकाळी मुलं घरी यायची, पैसे कधी घेतले नाहीत. अगदी आत्ताआत्तापर्यंत खुर्चीत बसून शिकवत होते. मुलगी सांगत होती की दोन-तीन मुलं अजूनही विचारायला येतायत, त्यांची वर्तुळाची प्रमेयं अर्धीच झालीयत. बॅचमधल्या आम्ही काही जणांनी आळीपाळीने ती पुरी करून द्यायचं ठरवलंय. पुढच्या आठवड्यात माझी पाळी आहे, चक्रीय चौकोनाचं प्रमेय. वही काढून सिद्धता परत लिहायला घेतलीय, प्रत्येक ओळीपुढे कारण लिहून.