लाकडी दिव्यांसाठी पॉलिश निवडताना

पहिला लाकडी दिवा मी बहिणीसाठी केला. बाहेरून गोल घडवलेलं लाकूड, आत पोकळी, त्यात साधा 60 वॅटचा तारेचा बल्ब. वरून मधमाशांचं मेण चोळलं होतं. हात फिरवला की थांबावंसं वाटेना, इतका गुळगुळीत झाला होता. महिन्याभरात तिचा फोन आला, "अरे, दिवा चिकट झालाय, वरच्या कडेवर धूळ बसतेय आणि वास येतोय."

मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, आणि मऊ तर त्याच्या बरंच आधी पडतं. हे मला माहीत होतं. माझ्या दिव्याचं लाकूड किती तापतं, हे मात्र मी कधी पाहिलंच नव्हतं. तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक मिळवली, दिवा तीन तास चालू ठेवला आणि आतली भिंत मोजली. बल्बच्या अगदी वरच्या भागात आकडा 90च्या पुढे गेला. मेणाचं मग काय होणार?

नंतर लाखेचं पॉलिश करून पाहिलं. रंग फार सुरेख येतो, गाठींतून येणारा चीकही लाख आत दाबून ठेवते. पण लाखसुद्धा 75 अंशांच्या आसपास मऊ पडते. नायट्रोसेल्युलोजचं लॅकर लवकर वाळतं म्हणून सोपं वाटतं, पण ते वाळल्यावरही सहज पेट घेतं. दिव्याच्या आत ते लावायची माझी हिंमत झाली नाही.

जवसाच्या तेलाने मात्र खरी भीती दाखवली. दोन दिवे पुसून चिंध्या कोपऱ्यात टाकल्या होत्या. तासाभराने उचलायला गेलो तर मधली चिंधी चक्क गरम! हे तेल हवेतला प्राणवायू घेत वाळतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. चिंध्यांचा ढीग असला की ती उष्णता आत कोंडते आणि आपोआप आग लागू शकते. तेव्हापासून प्रत्येक चिंधी पाण्यात बुडवून उघड्यावर एकेरी पसरतो. तेल वापरणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो, पॉलिशचं नंतर.

शेवटी आधी बल्ब बदलला. 7 वॅटचा एलईडी लावून पुन्हा मोजलं तेव्हा भिंत 40च्या आसपासच राहिली. तापायची जागा मात्र बदलली होती. एलईडीची उष्णता काचेकडे न जाता मागे, होल्डरच्या बाजूला जाते. म्हणून मानेपाशी लाकूड मागे कोरून घेतलं, होल्डरभोवती धातूची नळी बसवली आणि हवा खालून येऊन वरून निघेल अशी भोकं ठेवली. आता लाकूड इतकं थंड राहतं की पॉलिश कोणतं, हा बऱ्याच अंशी पसंतीचा प्रश्न उरतो. मी पाण्यावरचं पॉलीयुरेथेन निवडलं. पिवळं पडत नाही, वासही कमी. त्याने लाकडाचे रेशे उभे राहतात, म्हणून आधी ओलं फडकं फिरवतो, वाळल्यावर 220 नंबरच्या पॉलिशपेपरने घासतो, मग तीन पातळ हात देतो. आतूनही देतो, नाहीतर लाकूड एका बाजूने ओल घेऊन वाकतं. पृष्ठभाग वाळल्यासारखा लागला तरी पूर्ण पक्का व्हायला तीन आठवडे लागतात, तोवर बल्ब लावत नाही. साधं पॉलिश कोणतंही असो, त्याने लाकूड आगीपासून वाचत नाही, हे मात्र ध्यानात ठेवलं आहे.

बहिणीचा दिवा परत आणला, मेण काढून नव्याने केला. देण्याआधी त्याच्या तळाला तापलेल्या टोकाने कोरलं : फक्त एलईडी, कमाल 7 वॅट. बल्ब कधीतरी जाणारच, आणि नवा बसवताना कदाचित मी तिथे नसेन.